खरूज एकट्याची नसते, औषधही एकट्याचे नको

आपल्या भडगावच्या वस्त्यांत घरे लहान, माणसे जास्त. एका गोधडीत तिघे झोपतात. तिथे एकाला खरूज झाली म्हणजे घराला झाली, असेच धरून चालावे.

खरूज घाणेरडेपणाने होते, हे खोटे आहे. एक बारीक किडा कातडीत शिरून अंडी घालतो आणि अंगाला अंग लागून पसरतो. रोज अंघोळ करणाऱ्यालाही तो सोडत नाही. पहिल्या लागणीत खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणून ज्याला खाज नाही, त्यालाही औषध हवेच.

पर्मेथ्रिन 5 टक्के मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली लावावे आणि सकाळी धुवावे. आठवड्याने पुन्हा लावावे. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावे. लहान बाळ आणि गरोदर बाई यांनी डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावे. कपडे, पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात घालावीत. पाणी नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावीत. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांत मरतो. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, घाबरू नये.

मेडिकलवरून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नका. खाज दबते, किडा वाढतो. म्हातारी, अशक्त माणसे यांच्या हातापायांवर जाड खपल्या धरल्या, तर ती भारी खरूज. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, हिच्यात हजारो-लाखो. खाज मात्र कमी असू शकते. अशा माणसाला दवाखान्यातच न्यावे. मलमासोबत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या लागतात. खाजवून पिकलेल्या जखमांमुळे मुलांच्या किडनीला सूज येऊ शकते. चेहरा सुजला, लघवी लाल झाली तर थांबू नका.

एक ट्यूब एका मोठ्या माणसाला एकदा पुरते. सहा जणांच्या घराला दोन वेळा किती लागतील, हिशेब करा. रोजंदारीवर ते परवडत नाही. म्हणून आमची मागणी आहे: सरकारी दवाखान्याने एका रुग्णाच्या चिठ्ठीवर अख्ख्या घराचे औषध द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. आपल्याकडचे दुर्लक्ष कधी संपणार?

अंगभर फोड आलेल्या तिस्स भिक्खूला इतरांनी टाकले, तेव्हा तथागतांनी स्वतः गरम पाण्याने त्याला न्हाऊ घातले, त्याचे चीवर धुऊन वाळवायला लावले. शिवाशिवीचे चटके सोसलेल्या आपण तरी खरजेच्या लेकराला वेगळे बसवू नये. औषध लावावे, जवळ घ्यावे.