चाक ओरडतंय, ऐकतंय कोण?

बैलगाडीचा आख कोरडा पडला की चाक कुरकुरतं आणि घरातलं लहान पोरही सांगतं, वंगण घाला. तीच घरची जुनी जीप घूं घूं करत बाजाराहून आली, तर आपण टेपचा आवाज वाढवतो! शेतकरी बंधूंनो, तो आवाज पुढच्या चाकाच्या बेअरिंगचा असतो. ते बेअरिंग बदलायला आपण जी टाळाटाळ करतो, त्याबद्दल आज चार शब्द स्पष्ट लिहायचे आहेत.

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर बेअरिंग असतात, एक आत, एक बाहेर. त्यांना वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर ती वर्षानुवर्षे चालतात. पण एकदा रोलरला खड्डे पडले, की ग्रीस हे औषध नव्हे. ही चूक मी स्वतः केली. गावातल्या मेस्त्रीने हब ग्रीसने ठेचून भरला, आठ दिवस आवाज दबला आणि मी खूश. महिन्याने हब उघडला तर रोलरची जाळी तुटलेली आणि ज्या स्पिंडलवर बेअरिंग बसतं तोही खाल्लेला. बेअरिंगपुरतं काम स्पिंडलवर गेलं. घाटात चाक निसटलं नाही हे नशीब, मागे बायकापोरं बसली होती.

दुखणं ओळखायला वर्कशॉप लागत नाही. आवाज वेगाबरोबर वाढतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग गेलं म्हणायचं. मग मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन बघा. पुष्कळदा नको त्या गोष्टीवर पैसा जातो तो इथेच.

बदलताना मात्र कंजूषपणा नको. आतला कोन नवा आणि हबमधला कप जुनाच, असं करणारे मेस्त्री आहेत. कप ठोकून काढायचा कंटाळा, दुसरं काय! झिजलेल्या कपावर नवा कोन किती दिवस टिकणार? कप-कोन जोडीनेच बदला, ऑइल सीलही नवं घ्या. हब रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडा करा. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरा, नुसतं वरून चोपडू नका. आणि गाडीखाली काम करायचं तर जॅकच्या भरवशावर शिरू नका, भक्कम टेकू द्या.

सगळ्यात जास्त बेअरिंग मरतात ती नट आवळण्यात. ताकदवान गडी लांब पाना घेऊन झटका देतो आणि म्हणतो, आता हलणार नाही. हलणार नाही, जळेल! चाक हाताने फिरवत नट आवळावा, चाक जड झालं की किंचित मागे घ्यावा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण लटकता कामा नये. स्प्लिट पिन नवीच घाला, जुनी सरळ करून नव्हे. फोर-व्हील गाडीत दोन नटांमधल्या लॉक वॉशरची कड नीट वाकवा.

गावकारभाऱ्यांनाही एक विचारायचं आहे. पाण्याच्या टँकर-ट्रॉलीच्या हबमध्येही अशीच बेअरिंग असतात. टँकरला रंग दिल्याचं बिल दप्तरात सापडतं. हब शेवटचा कधी उघडला, ते कुठे लिहिलंय? भरलेला टँकर शाळेच्या रस्त्यानेच जातो. पुढच्या मासिक सभेत तेवढी तारीख विचारा. सापडली नाही तर पाणीटंचाईची वाट न बघता आधी चाकं उचलून बघा.