वादनशिक्षणाविषयीचे गैरसमज आणि तंजावूरचे मराठी वाङ्मय

आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांमध्ये एक समज इतका दृढ झाला आहे की, तो केवळ समज आहे याचे भानही सहसा कोणाला राहत नाही. प्राचीन साहित्याच्या अभ्यासकाला संस्कृत यावे, फारसीशी त्याचा परिचय असावा, मोडी वाचता यावी, पाठचिकित्सेची शिस्त अंगी असावी, ही अपेक्षा सर्वमान्य आहे. परंतु ज्या वाङ्मयाची घडणच राग आणि ताल यांच्यात झाली, त्याच्या अभ्यासकाने वीणा, व्हायोलिन किंवा मृदंग थोडाफार हाताळावा असे सुचविले, तर 'ते आमचे काम नव्हे, त्याला जन्मजात अंग लागते' असे उत्तर मिळते. हे उत्तर विनयाचे वाटते. वस्तुतः त्याच्या पोटात वादन शिकण्याविषयीचे काही गैरसमज दडलेले आहेत आणि त्यांची किंमत मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला मोजावी लागली आहे. तंजावूर येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहत असताना, सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी रचनांच्या सान्निध्यात माझे हे मत अधिक पक्के झाले.

पहिला गैरसमज असा की, वाद्य रक्तात असावे लागते. या समजाचे उत्तर तंजावूरच्याच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहे. इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिराच्या सेवेसाठी राजराज चोळाने चारशे नर्तकी आणि त्यांच्यासोबत गायक, वादक व नृत्यशिक्षक नेमले. त्यांची तपशीलवार यादी शिलालेखात आहे. सेवकापैकी कोणी मरण पावला तर त्याचा वाटा जवळच्या आप्ताकडे जावा, असे तेथे म्हटले आहे. पण तो आप्त त्या कामास पात्र नसेल तर दुसऱ्या पात्र व्यक्तीची निवड व्हावी, हेही त्याच लेखात नमूद आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी, वंशपरंपरा मानणाऱ्या समाजातही, वंश आणि पात्रता या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे शासनकर्त्याला ठाऊक होते.

वीणा धनम्माळ (१८६७-१९३८) यांच्या घराण्याची परंपरा तंजावूरच्या दरबारातील पापम्माळ या कलावतीपर्यंत पोचते. धनम्माळ यांची नात टी. बालसरस्वती (१९१८-१९८४). अशी उदाहरणे पाहून आपण 'रक्त' म्हणतो. परंतु अशा घरातील मुलाला जे मिळते ते रक्ताहून अधिक साधे आणि अधिक दुर्मिळ असते. पाळण्यात असल्यापासून कानावर पडणारे हजारो तासांचे उत्तम संगीत आणि चूक झाल्याक्षणी ती दाखविणारे वडीलधारे माणूस, हे ते धन होय. याची उलट बाजूही पाहावी. टी. एम. कृष्ण यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' (२०२०) या ग्रंथात मृदंग घडविणाऱ्या, प्रामुख्याने दलित ख्रिस्ती असलेल्या कारागिरांचा इतिहास मांडला आहे. त्यातील प्रमुख कुटुंबाचे मूळ तंजावूरचे. कातडे निवडण्यापासून श्रुती जुळेपर्यंतचे सगळे काम ज्यांच्या कानावर अवलंबून, त्यांना 'संगीताचे घराणे' असा मान समाजाने दिला नाही. रक्ताचा सिद्धान्त सांगणारे लोक या कानांचा हिशेब कसा लावणार?

दुसरा गैरसमज विद्वानांना विशेष प्रिय आहे. वादन ही केवळ श्रवणाची विद्या, ग्रंथाशी तिचे वैर, असे ते मानतात. तंजावूरच्या नायक राजवटीत, सतराव्या शतकात, वेंकटमखीने 'चतुर्दण्डीप्रकाशिका' रचली. बहात्तर मेळांच्या योजनेसाठी हा संस्कृत ग्रंथ सर्वत्र सांगितला जातो, पण त्याचे पहिले प्रकरण वीणेचे आहे, याकडे क्वचितच लक्ष जाते. हा क्रम योगायोगाने आलेला नाही. वीणेचे पडदे समोर ठेवले की बहात्तरांचे गणित बोटाला समजते. षड्जानंतरच्या चार जागांतून ऋषभ-गांधाराच्या सहा जोड्या होतात, पंचमानंतरच्या चार जागांतून धैवत-निषादाच्या सहा; त्यांचा गुणाकार छत्तीस, आणि मध्यम दोन प्रकारचा म्हणून बहात्तर. वीणा न पाहता हे प्रकरण वाचणारा गणित वाचतो, संगीत वाचत नाही.

तथापि ग्रंथ पुरेसा आहे, असेही कोणी समजू नये. वीणेचे चोवीस पडदे मेणात पक्के बसविलेले असल्यामुळे स्वर तयारच मिळतात, शिकणाऱ्याने फक्त जागा पाठ कराव्यात, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात पडद्यावरची तार बाजूला ओढून जे गमक निघते त्यातच रागाचे रूप असते, आणि ते किती ओढायचे हे कोणताही पडदा सांगत नाही. सुब्बराम दीक्षितांनी १९०४ मध्ये एट्टयपुरम येथून 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी गमकांसाठी स्वतंत्र खुणा योजल्या, त्या याच जाणिवेने. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या परंपरेतील या कर्मठ पंडिताला लेखनाने परंपरा भ्रष्ट होईल अशी भीती वाटली नाही. कान विसरतो म्हणून लिहावे आणि लेखन अपुरे म्हणून गुरूपाशी बसावे, अशी दुहेरी शिस्त त्यांनी मानली.

तिसरा गैरसमज भूमीचा आणि भाषेचा. जे संगीत आपल्या भाषेचे नाही ते आपल्या हाताला येणार नाही, असे आपण धरून चालतो. मुत्तुस्वामींचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षित (१७८६-१८५८) यांनी मद्रासजवळच्या मणली येथील वास्तव्यात युरोपीय शिक्षकाकडून व्हायोलिन शिकून घेतले आणि ते कर्नाटक संगीतात आणले. तंजावूरच्या चार प्रसिद्ध बंधूंपैकी वडिवेलु यांनी त्यावर असे प्रभुत्व मिळविले की, त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिले. आज व्हायोलिनवाचून कर्नाटक संगीताची बैठक कल्पिता येत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर, तंजावूरच्या मृदंगपरंपरेत नारायणस्वामी अप्पांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते मराठी होते. उलट दिशेने, तमिळभाषी तंजावूर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तन आत्मसात केले. साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चाली त्यांच्या हरिकथेत रुळल्या. भाषा ओलांडून शिकता येते याहून आणखी कोणता पुरावा हवा?

चौथा गैरसमज हेतूविषयी आहे. शिकायचे ते मैफलीसाठीच, आणि बालपणी आरंभ झाला नसेल तर आरंभच करू नये, असे मानले जाते. मैफलीपुरते यात काही तथ्य आहे. उशिरा आरंभ करणाऱ्याची बोटे सहसा त्या पल्ल्याला पोचत नाहीत. परंतु संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकाकडून आपण महाकाव्याची अपेक्षा करीत नाही, वाचता यावे एवढीच अपेक्षा करतो. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) व्यवसायाने वकील. ते सतार शिकले, पण वादक म्हणून त्यांची ख्याती नाही. त्या शिक्षणाने कमावलेल्या कानावर, १९०४ च्या दक्षिणयात्रेतील चर्चांवर आणि जुन्या ग्रंथांच्या वाचनावर त्यांनी मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार खंड उभे केले. अशा 'वाचनापुरत्या' वादनाचे मोल यातून कळावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तंजावूरच्या भोसले राजांनी मराठीत जे लिहिले व लिहवून घेतले, त्याचा मोठा भाग नाट्य आणि नृत्य यांसाठी आहे. शहाजीराजांची (कारकीर्द १६८४-१७१२) नाटके आपण बहुधा एकाच प्रश्नासाठी वाचली : १८४३ च्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'आधी मराठी नाटक होते की नव्हते? त्यांतील दरूंवर लिहिलेली रागतालांची नावे आपण ओलांडून गेलो. तुळजाजीराजांच्या (१७२८-१७३६) 'संगीतसारामृता'चा उल्लेख संगीताच्या इतिहासाकडे सोपविला. सरफोजीराजे दुसरे (१७९८-१८३२) यांच्या 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या संग्रहाची स्थिती सर्वांत शोचनीय आहे. येथे एकेका निरूपणात एकच कथा शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना अशा अठरा प्रकारांतून, एकाच रागात आणि एकाच तालात मांडली जाते. कागदावर वाचणाऱ्याला पुनरुक्ती दिसते, ओढूनताणून आणलेले शब्द दिसतात, मध्येच निरर्थक बोल दिसतात. आणि तो 'काव्यगुण बेताचा' असा शेरा मारून पुढे जातो.

ज्याने एखादा वर्ण गुरूसमोर बसून वाजविला आहे, तो असा शेरा इतक्या सहजपणे मारणार नाही. अशा रचनेत आधी स्वर येतात आणि मग त्याच स्वरपंक्तीवर साहित्याची अक्षरे बसतात. स्वर जेथे लांबला तेथे दीर्घ अक्षर हवे, जेथे धावला तेथे लघू अक्षरांची माळ हवी. या बंधनात मराठी शब्द बसविणे म्हणजे मराठीच्या ऱ्हस्वदीर्घांची एका वेगळ्याच कसोटीवर परीक्षा घेणे होय. ती परीक्षा कवीने कोठे साधली आणि कोठे हुकविली, हे ताल हातावर धरल्याशिवाय सांगता येत नाही. रचना सामान्य आहे, असा निष्कर्ष अखेर निघेलही. पण तो वाचून काढलेला निष्कर्ष असेल.

यावर आक्षेप येईल की, अर्धवट शिकलेला अभ्यासक न शिकलेल्याहून घातक, तो दोन वर्षांत संगीतावर अधिकारवाणीने बोलू लागेल. आक्षेप गंभीर आहे. मात्र न शिकता अधिकारवाणीने बोलणारे आपल्यात आजही थोडे नाहीत. शिवाय वाद्य पहिल्या महिन्यातच माणसाला त्याची पायरी दाखवते. चुकलेला स्वर पांडित्याला जुमानत नाही.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. ज्या विभागात तंजावूरचे मराठी वाङ्मय संशोधनासाठी घेतले जाते, तेथे विद्यार्थ्याने निदान दोन वर्षे एखाद्या कर्नाटक पद्धतीच्या शिक्षकाकडे वीणा, व्हायोलिन किंवा मृदंग शिकावा, आणि या शिक्षणाला मोडीच्या शिक्षणाइतकेच स्थान असावे. आरंभ सरफोजीराजांच्या एका निरूपणापासून करावा. त्याचे अठरा भाग वादक, नट्टुवनार आणि मराठीचा अभ्यासक अशा तिघांनी एकत्र बसून, ताल धरून, ओळीओळीने वाचावेत. तोपर्यंत या वाङ्मयाविषयीची आपली मते तात्पुरती आहेत, असे मानणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.