जबाब घेण्याआधी मन तपासा

"चोरी तू केलीस ना?" "हो." "तू नाही ना केलीस?" "हो." सुरतच्या लिंबायतमध्ये मी ज्या विशेष मुलांना शिकवते, त्यांतली वयात आलेली मुलंही अशीच उत्तरं देतात. समोरच्याला राजी ठेवायची त्यांना सवय असते. खाकी वर्दी दिसली की मान आणखी लवकर हलते. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, हे खरं. पण तपास एकदा त्या दिशेने गेला की सहसा मागे वळत नाही, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

कायद्यात सोय आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंड संहितेचं ८४) कृत्याच्या वेळची मनोवस्था पाहतं. पण ती दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर. गुजरातच्याच डाह्याभाई ठक्कर खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे ओझं थोडं हलकं केलं: वेड पुरतं सिद्ध झालं नाही, तरी हेतूबद्दल रास्त शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला. तरीही कागद लागतोच. २००२ साली महाराष्ट्रातला पोलीस शिपाई श्रीकांत भोसले पत्नीच्या खुनाच्या आरोपातून सुटला, कारण त्याच्या स्किझोफ्रेनियावरच्या उपचारांच्या नोंदी होत्या.

लूमवर राबणाऱ्या घरात असा कागद कुठून येणार? कुटुंब धुळे-नंदुरबारकडचं. लहानपणी आकडी आली तेव्हा पोराला भगताकडे नेलं. शाळा दुसरीत सुटली. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं तर पाळी बुडते, मजुरी जाते. पोरगा बोलतो अहिराणी, चौकशी होते गुजरातीत. "साधा आहे हो तो," आई सांगत राहते; ते कुणी लिहून घेत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी गंभीर मानसिक आजारामुळे रद्द करून जन्मठेप दिली, त्याचं नावही उघड केलं नाही. निकाल योग्यच होता. पण मनाकडे पाहायला फाशीची कोठडी कशाला गाठायची?

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच. त्याच वेळी आरोपीच्या भाषेत बौद्धिक क्षमतेची आणि मनाची प्राथमिक चाचणी व्हावी. सुरतच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आईचं, शिक्षकाचं म्हणणं फाइलीला जोडावं. वकिलांनो, पहिल्याच तारखेला ही मागणी करा. आणि पालकांनो, एक पाळी बुडाली तरी चालेल, पोराचं प्रमाणपत्र काढून ठेवा.