काळोखाची किंमत कोण मोजतो?

एके काळी मोठ्या वेधशाळांची मक्तेदारी समजले जाणारे एक काम गेल्या दोन दशकांत मध्यमवर्गीयांच्या गच्चीवर येऊन पोहोचले आहे. शहरातील एखादा शिक्षक किंवा कारकून वापरलेला जुना डिजिटल कॅमेरा स्वस्तात मिळवतो, तो उघडून सेन्सरपुढील एक फिल्टर काढून घेतो आणि हिवाळ्यातील निरभ्र रात्री, सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र टिपतो. विज्ञानाचा हा प्रसार अभिनंदनीय आहे, यात शंका नाही. परंतु या यशाआड एक मोठे सार्वजनिक नुकसान झाकले जात आहे. त्याचाही हिशेब मांडावयास हवा.

कॅमेऱ्यातून काढला जाणारा फिल्टर निरुपयोगी नसतो. चेहऱ्यांचे व कपड्यांचे रंग डोळ्यांना दिसतात तसेच यावेत, म्हणून उत्पादक तो बसवतात. पण तेजोमेघांतील हायड्रोजन ज्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाने उजळतो, त्याचा मोठा भाग हाच फिल्टर अडवून धरतो. तो दूर होताच फिकट दिसणारा मेघ तांबूस होऊन प्रकट होतो. शहराच्या उजेडावर मात करण्यासाठी मग हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश तेवढा आत सोडणारा दुसरा फिल्टर लावला जातो, आणि शेकडो छायाचित्रे संगणकावर एकत्र करून त्यांची सरासरी काढली जाते.

येथे घटत्या फलाचा नियम आडवा येतो. छायाचित्रांची संख्या चौपट करावी, तेव्हा स्पष्टता जेमतेम दुप्पट होते. शहराचे आकाश खेड्यातील आकाशाहून दहापट उजळ असेल, तर खेड्यात एका तासात साधणाऱ्या चित्रासाठी शहरात सुमारे दहा तास खर्ची पडतात. पावसाळ्याचे चार महिने, चांदण्या रात्री आणि सकाळची नोकरी वजा जाता असे किती तास हाती उरतात? शिवाय फिल्टरचा उपाय प्रामुख्याने तेजोमेघांपुरताच चालतो. देवयानीसारख्या दीर्घिकेचा प्रकाश असंख्य ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो. रस्त्यावरील पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेडही बव्हंशी तसाच. त्या दोहोंना नीट वेगळे करील अशी चाळणी नाही. जुन्या सोडियम दिव्यांचा उजेड बराचसा पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असल्यामुळे तो गाळणे तुलनेने सोपे होते. ती सोयही आता संपत चालली आहे.

एलईडी दिव्यांनी विजेची मोठी बचत केली, हे निर्विवाद आहे. तथापि साधन काटकसरी झाले की त्याचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढू शकतो, हे जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाच्या संदर्भात दाखवून दिले होते. उजेडाचेही तेच होत आहे. मुख्यतः युरोप व अमेरिकेतील हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २०२३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होते. चक्रवाढीच्या हिशेबाने ही वाढ आठ वर्षांच्या आत दुप्पट होते.

या उजेडाचे बिल त्याचा मालक भरतो, पण हरवलेल्या काळोखाची किंमत मात्र इतरांवर पडते. हौशी छायाचित्रकार ती फिल्टर विकत घेऊन व जागरणे करून चुकवतो. ज्याच्यापाशी कॅमेराच नाही अशा विद्यार्थ्यापुढे तर कोणताही मार्ग उरत नाही. मानवजातीपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही, असा निष्कर्ष २०१६ सालच्या जागतिक पाहणीत निघाला होता. पाठ्यपुस्तकातील आकाशगंगा वर मान करून पडताळून पाहण्याची सोय या मुलांना उरलेली नाही.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. रात्री कामावरून परतणाऱ्या स्त्रीला उजळलेला रस्ता हवाच. पण आभाळाकडे जाणारा उजेड तिच्या वाटेवर पडत नाही; डोळे दिपवणारा उघडा दिवा तर समोरचे दिसण्यातच अडथळा आणतो. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या गावाने १९५८ सालीच झोतदिव्यांवर निर्बंध घातले. फ्रान्सने २०१८ साली देशव्यापी नियम केले. आपल्याकडे पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला २०२४ च्या जानेवारीत ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिवे खाली तोंड केलेले बसवण्यात आले. ती गावे काही अंधारात बुडाली नाहीत.

अभयारण्यात जे साधले ते शहरांत संपूर्णपणे साधणार नाही, हे मान्य. तरीही दिव्याला वरून पूर्ण टोपण असावे, त्याचा रंग पिवळसर असावा, आणि मध्यरात्रीनंतर जाहिरातींचे फलक विझावेत, एवढ्या अटी पालिकांना घालता येण्याजोग्या आहेत. दिवे बदलण्याच्या निविदा वेळोवेळी निघतच असतात. एकदा उभारलेला खांब पुढे अनेक वर्षे तसाच राहतो, म्हणून या अटी पुढच्याच निविदेत यावयास हव्यात.