इंग्रजांची ‘ब्रुअरी’ आणि आमची ‘हातभट्टी’

इंग्रजी बिअरच्या इतिहासावरील धागे हल्ली फार आवडीने वाचले जातात. लंडनच्या हॉजसनची बो ब्रुअरी, बर्टनचे पाणी, लांबच्या समुद्रप्रवासात टिकणारी ‘इंडिया पेल एल’, पुढे कसौली आणि मरीच्या थंड डोंगरांतील ब्रुअऱ्या. मरीची ब्रुअरी सांभाळणाऱ्या एडवर्ड डायरचा मुलगा म्हणजेच जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर, हा तपशीलही हमखास येतो. वाचायला मजा येते, हे मान्य. परंतु बहुतेक कथनांचा रोख एकच असतो: इंग्रजांनी मद्याला दर्जा, शिस्त आणि कारखाना दिला, आपल्याकडे होती ती नुसती ‘गावठी’.

या मांडणीला माझा आक्षेप आहे, आणि तो घणसोलीतून आहे.

आमच्या खाडीपट्ट्याच्या इतिहासातला मद्याचा कारखाना शोधायला हिमालयात जावे लागत नाही. तो उरणला होता. एकोणिसाव्या शतकात तेथे मोहाची दारू गाळणाऱ्या भट्ट्या होत्या, बहुतांशी पारशी मालकांच्या. मोहफूल पंचमहालातून येई आणि दारू मुंबई, ठाणे, कुलाब्याकडे जाई. इंग्रजी ब्रुअरी गोऱ्या सैनिकाची तहान भागवीत होती. उरणच्या भट्ट्या सरकारची तिजोरी भरीत होत्या. इंग्रजी अमलाचा मद्येतिहास लिहायचा तर या दोन्ही गोष्टी एकाच पानावर यायला हव्यात.

१८७८चा मुंबई अबकारी कायदा हा या कथेचा कणा. त्यापूर्वी मक्त्याची पद्धत होती. मक्तेदाराला पैसे भरून गावोगावी लहान भट्ट्या चालत. ती व्यवस्था काही रामराज्य नव्हती, मक्तेदार लुबाडीत असतच. परंतु दारू गाळणे हे गावाच्या आवाक्यातले काम होते. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या काळात धोरण पालटले. उत्पादन मोजक्या मोठ्या भट्ट्यांत एकवटायचे, दारूच्या तीव्रतेनुसार गॅलनमागे कर घ्यायचा आणि ताडी-माडीच्या झाडांवर कर बसवायचा. हे आरोग्यासाठी नव्हते. मडक्यातल्या दारूचा हिशेब ठेवता येत नाही, कारखान्यातल्या दारूचा ठेवता येतो. इतके साधे कारण त्यामागे होते.

तेवढ्यावर भागले नाही. १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा आला. फुले बाळगणे, विकणे, नेणे-आणणे यांवर निर्बंध आले. दारूवर नव्हे, फुलावर! जे फूल वाळवून खाल्ले जाते, गुरांना घातले जाते, ते घरात सापडणे हाच संशयाचा पुरावा झाला. ‘बेकायदा दारू’ हा शब्दप्रयोग आपण आज सहज वापरतो. तो गावकऱ्यांच्या स्वभावातून जन्मलेला नाही. महसुलाच्या गरजेतून जन्मलेला आहे.

येथे घणसोलीकरांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्या गावाची ओळख स्वातंत्र्यसैनिकांचे गाव अशी सांगितली जाते, आणि मिठाच्या सत्याग्रहाचा अभिमान तर आगरी घराघरांत आहे. परंतु प्रिचर्डच्या पदाचे पूर्ण नाव किती जणांना ठाऊक आहे? जकात, मीठ, अफू आणि अबकारीचा आयुक्त. मिठागरावर पहारा ठेवणारी आणि भट्टीवर धाड घालणारी सत्ता एकाच मेजावरून चालत होती. त्यातल्या एका कायद्याचा भंग करणारा हुतात्म्यांच्या पंक्तीत बसला, दुसऱ्याचा भंग करणारा पोलिसांच्या नोंदीत गेला. हा फरक नैतिक होता की केवळ प्रतिष्ठेचा, याचा विचार आपण केलेला नाही. ‘आगरी म्हणजे पिणारे’ ही टवाळी कॉलेजात ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो करावा.

यावर ठरलेला प्रश्न येतो: मग तुम्ही दारूचे समर्थन करता का? नाही. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेत दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. त्यांचा रोख गरिबांचे संसार उद्ध्वस्त करणाऱ्या आणि परवान्याने चालणाऱ्या व्यवस्थेवर होता. १८८९ साली तर खुद्द ब्रिटिश संसदेच्या सामान्यगृहात सॅम्युएल स्मिथ यांनी मांडलेला, भारतातील अबकारी धोरणाचा निषेध करणारा ठराव मंजूर झाला. म्हणजे सरकार दारू आटोक्यात ठेवीत होते, ही समजूत त्यांच्याच काळात, त्यांच्याच सभागृहात पडलेली आहे. आपणच ती अजून उराशी धरून बसलो आहोत.

स्वराज्यात काय झाले? १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यातून आलेला पिण्याचा परवाना महाराष्ट्रात आजही कागदोपत्री लागतो (तो किती जणांजवळ असतो, हा वेगळा विनोद). २००१ साली द्राक्षापासूनच्या वाइनला राज्याने स्वतंत्र धोरण आणि करसवलत दिली. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती फेणीही भट्टीवरच गाळली जाते. आणि महाराष्ट्रातील मोहफुलाच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध शिथिल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले.

पुढच्या वेळी कोणी ‘भारतातील मद्यनिर्मितीचा इतिहास’ म्हणून कसौलीचे छायाचित्र टाकील, तेव्हा त्याखाली उरणचे नाव लिहा.