खटल्यावर लागलेले भाव

१० एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनची क्युरेटिव्ह याचिका मान्य केली आणि त्याच दिवशी रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा समभाग २० टक्क्यांनी कोसळून खालच्या मर्यादेवर अडकला. कंपनीच्या रस्त्यांत वा वीजवाहिन्यांत त्या दिवशी काहीही बदलले नव्हते. बदलली होती ती एका खटल्याविषयीची अपेक्षा, आणि बाजाराने तिला आधीच किंमत लावून टाकली होती.

या खटल्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. नवी दिल्ली स्थानकापासून विमानतळमार्गे द्वारका सेक्टर २१ पर्यंतची मेट्रो मार्गिका चालवण्याचा ३० वर्षांचा करार २००८ मध्ये झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये गाड्या धावू लागल्या. जुलै २०१२ मध्ये बांधकामातील दोषांमुळे त्या थांबल्या आणि ऑक्टोबरमध्ये रिलायन्स इन्फ्राच्या उपकंपनीने करार संपुष्टात आणला. ११ मे २०१७ रोजी लवादाने सुमारे २,७८२ कोटी रुपये व त्यावर व्याज असा निवाडा कंपनीच्या बाजूने दिला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने तो २०१८ मध्ये कायम ठेवला, खंडपीठाने जानेवारी २०१९ मध्ये तो मोडीत काढला, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि त्याच वर्षी फेरविचार याचिकाही फेटाळली. व्याज धरून रक्कम ८,००० कोटींच्या घरात पोहोचली असताना २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. मेट्रो सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्रासारख्या कळीच्या पुराव्याकडे लवादाने दुर्लक्ष केले, असे पीठाचे म्हणणे होते. तोवर हाती आलेले पैसेही कंपनीने परत करावेत, असा आदेश झाला.

या निकालाच्या गुणदोषांविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत आणि ते राहतील. मला चिंता वाटते ती समभाग हाती धरून बसलेल्या माणसाची. त्याला सरसकट जुगारी ठरवणे अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि फेटाळलेली फेरविचार याचिका, यानंतर विषय संपला असे कोणताही समंजस माणूस समजेल. क्युरेटिव्ह याचिकेची वाट २००२ च्या रूपा अशोक हुर्रा प्रकरणाने खुली केली. ती क्वचितच यशस्वी होते. मार्च २०२४ पर्यंत देशातील डिमॅट खाती १५ कोटींच्या पुढे गेली होती. त्यांपैकी किती जणांना या वाटेचे नाव तरी ठाऊक असेल?

दुसरे उदाहरण हवाई वाहतुकीतले आहे. कलानिधी मारन आणि त्यांच्या काल एअरवेजने २०१५ मध्ये स्पाइसजेटमधील ५८.४६ टक्के हिस्सा अजय सिंह यांच्याकडे सोपवला. वॉरंट व प्राधान्य समभागांसाठी आपण पैसे भरले, ते मात्र मिळाले नाहीत, ही मारन यांची तक्रार. लवादाने २०१८ मध्ये त्यांची १,३२३ कोटींची नुकसानभरपाईची मागणी फेटाळली, पण सुमारे ५७९ कोटी रुपये व व्याज परत करण्यास सांगितले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने निवाडा उचलून धरला. मे २०२४ मध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. कंपनीने लगोलग जाहीर केले, की दिलेल्या ७३० कोटींपैकी ४५० कोटी आपण परत मागणार. एका वर्षाच्या आत तोच आकडा एकदा देणे म्हणून आणि एकदा येणे म्हणून बाजारापुढे आला.

जबलपूरमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला या विमान कंपनीचे नाव परके नाही. आमच्या डुमना विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली, पण येथून उडणाऱ्या विमानांची संख्या रोडावल्यामुळे प्रश्न थेट उच्च न्यायालयात न्यावा लागला. या घटीचे खापर एका खटल्यावर फोडता येणार नाही. तरीही जी कंपनी पैशांची जुळवाजुळव न्यायालयाच्या तारखांनुसार करते, तिच्याकडून लहान शहरांच्या मार्गांवर टिकून राहण्याची अपेक्षा कितपत करावी, हा प्रश्न उरतोच.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला येथे आमच्याच शहराची आठवण होते. मार्च १८७० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपुरात जोडल्या गेल्या आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पुरा झाला. १८४९ च्या करारांनुसार या कंपन्यांच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती. तूट आली की ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. लंडनमधील भागधारक निश्चिंत होता, कारण त्याची जोखीम येथील शेतकऱ्याच्या माथी होती. आजच्या खासगी-सार्वजनिक भागीदारीत ती उघड हमी राहिली नाही, हे योग्यच झाले. परंतु जोखीम कोणी उचलायची याचे उत्तर करारात अस्पष्ट राहिले, की ते लवादात शोधावे लागते. आणि तेथून पुढे भागधारक व करदाता दोघेही अधांतरी राहतात.

प्रशासनात हयात घालवल्यावर एक गोष्ट निःशंकपणे सांगता येते. अपील करणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. तडजोड करणाऱ्याच्या फायलीवर मात्र लेखापरीक्षण आणि दक्षता विभाग दोघांचीही नजर पडते. केंद्राने २०२३ मध्ये ‘विवाद से विश्वास’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात लवादाच्या निवाड्याच्या ६५ टक्क्यांपर्यंत आणि न्यायालयीन निर्णयाच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देऊन वाद मिटवण्याची मुभा दिली. हे पाऊल शहाणपणाचे होते, कारण त्याने तडजोडीला नियमाचे संरक्षण दिले. याउलट जून २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदी करारांतील लवादाचे कलम सहसा १० कोटींहून कमी रकमेच्या वादांपुरतेच मर्यादित ठेवावे, असा सल्ला दिला. त्यामागील वैताग समजण्यासारखा आहे. पण लवादाच्या निवाड्यानंतरची सात वर्षे न्यायालयातच गेली असतील, तर सगळे वाद न्यायालयाकडे वळवल्याने वेळ कसा वाचणार?

गुंतवणूकदारासाठी उपाय त्यामानाने सोपा आहे. भारतीय लेखामानक ३७ नुसार संभाव्य येणे हाती पडण्याची जवळजवळ खात्री होईपर्यंत ताळेबंदात उत्पन्न म्हणून धरता येत नाही. सेबीच्या सूचीबद्धतेच्या नियमांतील नियम ३० कंपन्यांना महत्त्वाचे खटले जाहीर करण्यास भाग पाडतो. उणीव आहे ती या माहितीच्या मांडणीत. सेबीने एक ठरावीक तक्ता सक्तीचा करावा: मूळ रक्कम आणि व्याज वेगवेगळे, निकाल कोणत्या पायरीवरचा, पुढे कोणत्या कायदेशीर वाटा शिल्लक, मिळालेली रक्कम परताव्याच्या अटीवर आहे की निर्विवाद, आणि निकाल उलटल्यास कंपनीच्या नक्त मालमत्तेवर होणारा परिणाम. असा तक्ता २०२१ मध्येच समोर असता, तर शेवटच्या रकान्यातील आकडा पाहून अनेकांनी भाव लावताना हात आखडता घेतला असता. निकाल काय लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. तो उलटला तर किती जाईल, एवढे मात्र कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तेवढे तिने भागधारकाला सांगावे.