नदीचा सौदा कोणी केला?

महानदीच्या खोऱ्यातील शिवनाथ नदी छत्तीसगडच्या भातशेतीची जीवनवाहिनी आहे. ५ ऑक्टोबर १९९८ रोजी रायपूरच्या सरकारी औद्योगिक केंद्र विकास निगमाने तिचा सुमारे २३.६ किलोमीटरचा पट्टा रेडियस वॉटर या खाजगी कंपनीच्या हाती २२ वर्षांसाठी सोपविला. दुर्गजवळील बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरविणे हे निमित्त!

सरकारपाशी भांडवल नाही, म्हणून खाजगी गुंतवणूक हवी, असा युक्तिवाद झाला. मग गिऱ्हाईक असो वा नसो, रोज ४० लाख लिटर पाण्याचे पैसे देण्याची हमी निगमाने का दिली? जोखीम जनतेची, नफा कंपनीचा! मच्छीमारांची जाळी आणि काठच्या शेतकऱ्यांचे पंप मात्र अडविले गेले. २००७ साली विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. तरीही सत्ताधाऱ्यांनी तो रद्द केला नाही.

महानदीच्या पाण्यासाठी छत्तीसगड व ओडिशा २०१८ पासून लवादापुढे भांडत आहेत. परंतु प्रत्येक राज्याच्या वाट्यातून कारखान्याला किती आणि शेतकऱ्याला किती, हा खरा प्रश्न दोन्ही सरकारे टाळतात.

१९२० साली धमतरीजवळच्या कंडेल गावातील शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्यावरील जुलमी दंड भरण्यास नकार दिला, गुरांची जप्ती सोसली आणि इंग्रज सरकारला माघार घ्यावयास लावली. तोच वारसा आज पुढे नेला पाहिजे. पाण्याचे सर्व करार जनतेपुढे उघड करा! आधी पिण्याला, मग शेतीला, त्यानंतरच कारखान्याला!